पॅन स्वच्छ होतं

डेल्मस केम्परकडे गिअरबॉक्स घेऊन गेलं की तो आधी तुम्हाला गप्प बसवायचा. "तुझं मत तू घरी ठेवून ये. पॅन काय म्हणतंय ते बघू."

आमच्या पॅटन्स फोर्कला मत नसलेला माणूस औषधालाही सापडायचा नाही. त्यातून शनिवारी शर्यतीच्या पट्टीवर गाडी पळवणारा असेल तर विचारूच नका. इंजिन कसं बांधावं, टायरात हवा किती ठेवावी, देवानं इंडियाना राज्य आधी केलं की मका, सगळ्यांवर त्याचं मत तयार. पण गिअर आपोआप बदलणारा डबा एकदा रुसला की ही सगळी विद्वान मंडळी तोंड पाडून डेल्मसच्या शेडसमोर उभी राहायची. त्या डब्यात काय चालतं ते फारसं कुणाला कळत नाही. डेल्मसला कळायचं.

गिअरबॉक्सच्या तळाशी तेल साठायला पत्र्याचं एक उथळ पॅन असतं. डेल्मस गाडीखाली सरपटत जायचा, बोल्ट सैल करायचा आणि ते पॅन दोन्ही हातांत धरून, न सांडता, बाहेर उन्हात आणायचा. तेल लाल असेल तर बरं. तपकिरी आणि करपलेल्या वासाचं असेल तर आतल्या क्लचच्या प्लेटी गेल्या. बोटाला काळी, मऊ भुकटी लागली तरी तेच. चकाकते कण दिसले तर धातू धातूला खातोय. तेल दुधाळ झालं असेल तर कुठून तरी पाणी शिरलंय. बोट बुडवायचं, अंगठ्यावर चोळायचं, नाकाशी न्यायचं, आणि मग निकाल. त्या निकालावर अपील नसे.

आणि निकाल देताना समोर कोण आहे हे तो बघत नसे. बर्ल टॉलीची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. बर्लकडे गाड्या ओढून नेणारा ट्रक आहे आणि शनिवारी पट्टीवर गाड्यांना रेषेवर उभं करायचं कामही तोच करतो. वीस वर्षांपूर्वी तो स्वतः गाडी पळवायचा. अंतिम फेरीच्या दिवशी त्याचा गिअरबॉक्स गेला आणि तो चार माणसांत ओरडला, की डेल्मसनं बांधणीत घाण केली. डेल्मसनं तिथेच पॅन काढलं, बोट बुडवलं आणि म्हणाला, "डबा चांगला होता. गिअरचा दांडा तू स्वतः बसवलास आणि वाकडा बसवलास. तूच जाळलास." बर्ल दोन वर्षं त्याच्याशी बोलला नाही. तिसऱ्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी तो टर्कीचा एक पाय घेऊन आला आणि दारातच म्हणाला, "वाकडाच बसवला होता रे." तेव्हापासून दोघे जिवलग.

तर असा हा माणूस. आता रोवेनाकडे येतो, कारण डेल्मसचं निम्मं आयुष्य म्हणजे रोवेना.

ती त्याची बायको. अठ्ठावीस वर्षं तिनं शाळेची चौदा नंबरची बस चालवली. तालुक्यातली निम्मी पोरं तिच्या आरशातल्या नजरेला घाबरून वाढलीत, त्यात मीही आलो. आणि शनिवारी तीच बाई डोक्याला शिरस्त्राण घालून हिरव्या गाडीत बसायची. गाडी तिची, गिअरबॉक्स त्याचा. हे लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ठरलेलं. स्वतःची पोरं मोठी होऊन दूरच्या शहरांत गेली, बसची चावी एके दिवशी परत द्यावी लागली, पण शनिवार राहिला.

आमची पट्टी एका फर्लांगाची, म्हणजे सहाशेसाठ फुटांची. इथे नुसतं जोरात पळून भागत नाही. आपली गाडी किती वेळात फर्लांग कापेल ते आधी काचेवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशनं लिहायचं. जो लिहिल्या वेळेच्या जास्तीत जास्त जवळ जाईल आणि तिच्या आत घुसणार नाही, तो जिंकला. म्हणजे खरी शर्यत आपल्याच शब्दाशी. रोवेनाच्या काचेवर डेल्मस लिहायचा: पाच पंच्याऐंशी, म्हणजे पाच सेकंद आणि वर पंच्याऐंशी शतांश. सेकंदाचा शंभरावा भाग इकडे तिकडे झाला तर ती घरी जाऊन जेवायची नाही. पट्टीच्या खिडकीतून छापील चिठ्ठी मिळते, साठ फुटांवर किती वेळ, तीनशेतीस फुटांवर किती, शेवटी किती. रोवेनाच्या चिठ्ठ्या एकीवर एक ठेवून उजेडात धरल्या तर एकच चिठ्ठी वाटायची, असं बर्ल म्हणायचा.

शर्यतीतल्या तिच्या वर्गात बटणं, यंत्रं, काही चालत नसे. पायानं ब्रेक, हातानं गिअर. गिअर दोनच. तीनशेतीस फूट ओलांडले की गाडीतच समोर लाल दिवा लागतो, तो दिसला की दांडा ओढायचा. एवढंच काम, पण ते तिनं तीसेक वर्षं एकाच ठिकाणी केलं होतं.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात ती परत आली, गाडीतून उतरली आणि शिरस्त्राण गवतावर आपटलं.

"घसरतोय तुझा डबा."

"काय?"

"दुसरा टाकला की इंजिन नुसतं बोंबलतं. गाडी पुढे जात नाही. काय बांधलंयस काय?"

डेल्मसनं चिठ्ठी बघितली. साठ फुटांवर नेहमीचीच वेळ. तीनशेतीसवरही नेहमीचीच. शेवटी सहा वीस. म्हणजे पहिला गिअर ठणठणीत, गडबड दुसऱ्यात. दुसऱ्या गिअरच्या पाच प्लेटी असतात, त्या जळल्या असणार. एवढं कुणीही सांगेल.

रविवारी चर्चमधून आल्यावर त्यानं कपडे बदलले आणि पॅन उतरवलं. तेल लाल होतं. अगदी बरणीतून ओतल्यासारखं. त्यानं बोट बुडवलं, चोळलं, हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग गिअरबॉक्स खाली घेतला, उघडला, पाचही प्लेटी काढून बाकावर ओळीनं मांडल्या. एकीवरही डाग नव्हता.

तरी त्यानं पाचही बदलल्या.

जूनच्या पहिल्या शनिवारी तेच. त्यानं आतलं सगळं तेलाचं जाळं काढलं, धुतलं, बारीक वाटा तारेनं साफ केल्या. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला त्यानं फळीवरचा दुसरा, अख्खा गिअरबॉक्स काढला, दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी बांधलेला, आणि तो बसवला. पुन्हा तेच. आणि दर खेपेला पॅन स्वच्छ.

रोवेना आता चिडायची थांबली होती. तिला त्याची दया यायला लागली होती, आणि ते जास्त वाईट. जेवताना मक्याची भाकर त्याच्या ताटात ठेवत ती म्हणाली, "वय होतं रे माणसाचं. हात पूर्वीसारखे राहत नाहीत. लाजायचं काय त्यात? कुणाला तरी मदतीला घे."

"घेतो," तो म्हणाला.

एकाहत्तर वर्षांच्या त्या माणसानं त्या रविवारी चर्चमध्ये डोळे मिटून जे मागितलं ते त्यानं पुढे फक्त बर्लला सांगितलं. देवा, माझे हात गेले असू देत. एक तरी प्लेट जळलेली निघू दे. जन्मभर ज्यानं आपल्या कामात खोट निघू नये म्हणून जिवाचं रान केलं, तो आता स्वतःच्या कामात खोट निघावी म्हणून गुडघ्यावर बसला होता. कारण डब्यात खोट नसेल तर ती दुसरीकडे होती. आणि दुसरीकडे म्हणजे कुठे, हे त्याला ठाऊक होतं.

त्यानं काही गोष्टी बघितल्या होत्या. बघून बाजूला सारल्या होत्या. मार्चमध्ये ती त्याच्या कपात कॉफी ओतत होती आणि ओततच राहिली. कप भरला, बशी भरली, टेबलावरून ओघळ त्याच्या मांडीवर आला. "रोवेना!" म्हणून तो ओरडला तेव्हा तिनं किटली सरळ केली आणि म्हणाली, "काय झालं ओरडायला?" "कुठे गेली होतीस?" "कुठे जाणार? इथेच तर उभी आहे." मग तिनंच टेबल पुसलं, आणि टेबल ओलं का झालं म्हणून त्यालाच दोन शब्द सुनावले. पुढे एकदा पर्सिमन फळाचं पुडिंग ढवळताना तसंच. चमचा थांबला, डोळे उघडे, आणि माणूस जागेवर नाही. दोन आकडे मोजेपर्यंत. मग चमचा पुन्हा फिरायला लागला.

जूनच्या शेवटी, एका गुरुवारी, पट्टी सरावासाठी उघडी होती आणि रोवेना बहिणीकडे गेली होती. डेल्मसनं बर्लला बोलावलं. "हिरवी घे. सहा वेळा पळव. एक शब्द बोलू नकोस, नुसत्या चिठ्ठ्या आण."

बर्लनं सहा वेळा पळवली आणि सहा चिठ्ठ्या आणून गाडीच्या टपावर ठेवल्या. सहाही सारख्या. डेल्मस त्यांच्याकडे बघत राहिला.

"डबा ठणठणीत आहे," बर्ल म्हणाला.

"ते मला दिसतंय."

"मग तेही दिसत असेल."

"काय?"

"डेल्मस, मी रेषेवर उभा असतो. दर शनिवारी ऐकतो. घसरणारा क्लच हंबरतो, चढत जातो आणि मग कुठेतरी पकडतो. तुला मी काय शिकवणार? तिचं इंजिन हंबरत नाही. ते वर जाऊन टेकतं आणि तिथेच तडतडत राहतं. ती दांडा ओढतच नाही रे. दोन आकडे मोजेपर्यंत ओढत नाही. मग एकदम ओढते, आणि तिला वाटतं तेव्हाच दिवा लागला."

"तू काय डॉक्टर आहेस?"

"नाही. डॉक्टरकडेच ने म्हणतोय."

डेल्मसनं चिठ्ठ्या गोळा करून खिशात घातल्या. ते तडतडणं त्यानं मे महिन्याच्या पहिल्याच शनिवारी ऐकलं होतं. कान त्याचे बर्लपेक्षा तिखट होते. त्यानं ते ऐकलं, ओळखलं, आणि तरी जून संपेपर्यंत पॅनं उतरवत बसला.

त्या संध्याकाळी घेवडा आणि डुकराचं खारं मांस होतं. त्यानं विषय काढला. काढला म्हणजे कसा, ताटात बघत.

"एकदा डॉक्टरला दाखवून येऊ या का?"

"कुणाला? गिअरबॉक्सला?" असं म्हणून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिनं त्याच्याकडे बघितलं आणि हसू थांबलं. चौदा नंबरच्या बसच्या आरशात तिला मागच्या बाकावरचं सगळं दिसायचं, समोरच्या खुर्चीवरचं दिसणार नाही?

"तुला वाटतंय, मी आहे."

"मी असं कुठे म्हणालो?"

"बस घेतली त्यांनी, मी काही बोलले नाही. वयाचा नियम होता. पोरं वर्षातून एकदा येतात, मी काही बोलत नाही. पण शनिवार माझा आहे, डेल्मस. तो काढून घेऊ नकोस. डबा नीट कर. तुला येतं ते."

आता इथे त्या माणसानं, ज्यानं बर्लला चार माणसांत तोंडावर सांगितलं, ज्यानं पाद्र्यालासुद्धा "तुम्ही आत्म्याचं बघा, तेलाचं मी बघतो" म्हणून परत पाठवलं होतं, त्या माणसानं एक वाक्य बोलायचं होतं. पॅन स्वच्छ आहे, रोवेना. पाच शब्दसुद्धा नाहीत. मी त्याला दोष द्यायला बसलो नाही. पण राग येतो, आला तर का लपवू? त्यानं पाव मोडला, घेवड्यात बुडवला आणि म्हणाला, "बघतो पुन्हा एकदा."

आणि मग त्याला सुचलं. सुचलं ते त्यालाच सुचू शकलं असतं, दुसऱ्या कुणाला नाही, आणि हीच सगळ्यात वाईट गोष्ट.

असा कुठलाही गिअरबॉक्स कारखान्यातून येतो तेव्हा त्यात लिंबाएवढा एक जिन्नस असतो, गव्हर्नर म्हणतात. त्याला दोन छोटी वजनं असतात. आस फिरला की ती बाहेर फेकली जातात आणि डब्याला कळतं, आता गिअर बदल. म्हणून तर साध्या गाडीत माणसाला हात लावावा लागत नाही. शर्यतवाले पहिली गोष्ट करतात ती ही, की तो गव्हर्नर काढून टाकायचा. कधी बदलायचं ते माणसाच्या हातानं ठरवायचं, डब्यानं नाही. डेल्मसनं चाळीस वर्षं असे गव्हर्नर काढले होते. शेडमध्ये फळीवर कॉफीच्या तीन डब्यांत ते पडलेले होते.

त्यानं त्यातला एक निवडला. पुढचे दहा दिवस दुपारच्या वेळी तो दार लोटून बसायचा आणि ती दोन वजनं कानशीनं घासायचा. थोडं घासायचं, तोलायचं, बसवायचं, मागच्या रस्त्यावर गाडी फिरवून बघायची, पुन्हा काढायचं. बरोबर जिथे रोवेनाचा हात तीस वर्षं दांडा ओढत आला होता, तिथे त्या डब्यानं आपण होऊन गिअर बदलावा, दांडा हलो न हलो. तिचा हात वेळेवर आला तर तिला काही कळणार नाही. नाही आला तरी काही कळणार नाही.

नियमानं ही लबाडी होती. आतमध्ये होती, कुणी बघणार नव्हतं. नियमाचं डेल्मसला जाणवलं नसेल असं नाही, पण त्याचं काय एवढं? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही गोष्ट खरी वाईट होती. आणि हे औषध इतकं उत्तम बनलं होतं, की त्याचा त्याला नकळत अभिमानच वाटला.

"सापडलं," तो तिला म्हणाला. "आतली एक झडप अडकत होती." जन्मातलं पहिलं खोटं निदान. तिनं त्याचा तेलकट हात धरला आणि गालाला लावला.

जुलैपासून चिठ्ठ्या पुन्हा एकीवर एक बसायला लागल्या. पाच पंच्याऐंशी. पाच पंच्याऐंशी. पाच शहाऐंशी, त्या दिवशी वारा होता. रोवेना ऑगस्टमध्ये दोन शनिवार जिंकली. स्वयंपाकघरात खिडकीच्या कठड्यावर पितळी पुतळे उभे राहिले. ती त्याला येता जाता ढुशी मारायची, "बघ! म्हणत होते की नाही, डब्यातच होतं. मला डॉक्टरकडे न्यायला निघालेला शहाणा!" तोही हसायचा. कप एकदा पुन्हा भरून सांडला. तो उठला आणि त्यानंच पुसलं.

बर्ल मात्र बघत होता. ऑगस्टच्या अखेरीस तो गवतात डेल्मसच्या बाजूला येऊन बसला.

"आज तिचा हात दांड्यावर नव्हता," तो म्हणाला. "मी मुद्दाम पुढे जाऊन उभा होतो. दोन्ही हात चाकावर होते, आणि गिअर पडला."

"तुझे डोळे गेलेत."

"गेले असतील. एक सांगू? तू मला चार माणसांत खरं सांगितलंस म्हणून मी आज तुझ्या शेजारी बसलोय. दोन वर्षं शिव्या घातल्या तुला, पण बसलोय. तिला दोन वर्षं शिव्या घालू दे की रे."

"हा मोसम संपू दे," डेल्मस म्हणाला. "मोसम संपला की नेतो. शपथ."

मोसम सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी संपणार होता. चारच आठवडे राहिले होते. मोठे निर्णय माणूस असेच लांबवतो, आणि चार आठवडे म्हणजे काही फार नव्हेत.

त्या शनिवारी दुपारी ऊन छान होतं. रोवेना अंतिम फेरीत पोचली होती. डेल्मसनं काचेवर पाच पंच्याऐंशी लिहिलं, आकडा वाळेपर्यंत फुंकर मारली. ती आतून म्हणाली, "पुसट लिहिलंस. डोळेपण गेले का तुझे?" ती धड असतानाचं तिचं त्याच्याशी हे शेवटचं बोलणं, म्हणून सांगितलं.

हिरवा दिवा लागला. सुटली ती अशी, की बर्लनं सुद्धा मूठ वर केली. तीनशेतीस फुटांच्या पुढे गिअर पडला, जिथे पडायचा तिथेच, केसाचाही फरक नाही. समोरच्या रेषेवर तिच्या बाजूचा दिवा लागला. जिंकली. लोक ओरडायला लागले. आणि त्या आरडाओरड्यात डेल्मस एकटाच उभा होता, मान वाकडी करून, ऐकत. रेषा ओलांडली की इंजिनाचा आवाज खाली यायला हवा. आला नाही. ब्रेकचे लाल दिवे लागले नाहीत. गाडी तशीच, ताशी एकशे सतरा मैलांच्या वेगानं, पूर्ण जोरात, सरळ, अगदी सरळ जात राहिली. थांबायची जागा संपली, वाळू संपली, गाडी अडवणारं जाळं फाटलं, आणि पलीकडच्या सोयाबीनच्या शेतात धूळ उठली.

बर्लचा ट्रक आधी पोचला. ती जिवंत होती. दोन्ही हात चाकावर, डोळे उघडे. किल्ली त्यानं बंद केली.

डेल्मस धावत शेताकडे निघाला तेव्हा खिडकीतल्या बाईनं, तिला अजून काही कळलं नव्हतं, हात बाहेर काढून त्याला चिठ्ठी दिली. "जिंकलात हो, डेल्मस!" पाच पंच्याऐंशी. ती चिठ्ठी अजून त्याच्या पाकिटात आहे.

डॉक्टर तरुण होता आणि भला होता. मेंदूत अक्रोडाएवढी गाठ, म्हणाला. वर्षभर तरी असावी. त्या मधल्या रिकाम्या जागा, कपाच्या, चमच्याच्या, त्या या गाठीमुळे. "उन्हाळ्याच्या आधी आला असतात तर..." एवढं म्हणून त्यानं डेल्मसच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि वाक्य अर्धंच सोडलं.

मोडकी गाडी बर्लनं घरी आणून टाकली. डेल्मसनं पॅन उतरवलं. कशाला उतरवलं त्याचं त्यालाच माहीत, सवय म्हणा. उन्हात आणलं. तेल लाल होतं, वासही चांगला होता. त्याच्या जन्मातलं सगळ्यात चोख काम त्या डब्यात होतं. पहिल्या गिअरात ती गाडी नव्वदच्या पुढे जात नाही, इंजिन तडतडतं, सगळ्या पट्टीला ऐकू जातं. म्हणजे तो डबा मेपासून ओरडून सांगत होता, आणि डेल्मसनं दहा दिवस कानशीनं घासून त्याचं तोंड बंद केलं. तो तिथेच, पॅन मांडीवर घेऊन, रडला. बर्ल बाजूला उभा राहिला आणि या वेळी त्यालाही काही मत नव्हतं.

रोवेना नाताळाच्या आधी घरी आली. गाठ निम्मी निघाली, निम्मी राहिली. उजवा हात चालत नाही. जुनं सगळं आठवतं, पोरांची नावं, बसचे थांबे, कुठल्या वर्षी कोण जिंकलं. नवं काही टिकत नाही. सकाळचं दुपारी पुसलेलं असतं. ती खिडकीजवळ खुर्चीत बसते, आणि दुपारी तीनच्या सुमाराला, शाळा सुटायच्या वेळी, तिला ते आठवतं. ती हाक मारते, "डेल्मस! सापडलं का काय होतं ते?"

पहिल्या दिवशी त्यानं खरं सांगितलं. आता तरी खरं बोलायचं असं त्यानं ठरवलं होतं. खुर्चीसमोर बसला आणि म्हणाला, "डब्यात काही नव्हतं, रोवेना. पॅन स्वच्छ होतं."

तिनं डाव्या हातानं आपला लुळा उजवा हात मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाली, "म्हणजे मी होते?" आणि तिचा चेहरा असा झाला, की त्यानं तो आधी एकदाच बघितला होता, बसची चावी टेबलावर ठेवताना. संध्याकाळपर्यंत ती रडत होती. दुसऱ्या दिवशी तीन वाजता तिनं पुन्हा विचारलं, जणू पहिल्यांदाच. त्यानं पुन्हा खरं सांगितलं. "म्हणजे मी होते?" तिसऱ्या दिवशीही. तिला दर दुपारी ते नव्यानं कळायचं आणि नव्यानं लागायचं, आणि त्याचा उपयोग तिला काही नव्हता. खऱ्याची वेळ असते. ती मे महिन्यात होती.

चौथ्या दिवशी दुपारी तो शेडमध्ये गेला. भंगाराच्या पिंपात हात घालून त्यानं कुणाच्या तरी गिअरबॉक्समधली एक प्लेट काढली. काळीठिक्कर, करपलेली. ती फडक्यात गुंडाळून आत आणली आणि खुर्चीजवळ स्टूल ओढून बसला.

"डेल्मस, सापडलं का काय होतं ते?"

"सापडलं," तो म्हणाला, आणि प्लेट तिच्या डाव्या हातात दिली.

तिनं ती उजेडात धरली. नाकाशी नेली. तीस वर्षं तिनं त्याच्या प्लेटी घासलेटात धुतल्या होत्या, तिला सांगायला नको होतं.

"जळलीय."

"हो."

"किती जळल्या?"

"पाचही."

"म्हणत होते ना मी! घसरतोय म्हणून."

"म्हणत होतीस."

"आणि तू मला डॉक्टरकडे न्यायला निघाला होतास!" ती हसली. अर्धंच तोंड हसलं, पण हसू जुनंच होतं. "बरं झालं ऐकलं नाही तुझं."

तिनं त्याच्याकडे बघितलं, प्लेट मांडीवर ठेवली आणि चालत्या हातानं त्याचा हात थोपटला.

"असू दे रे. एवढा काय तोंड पाडून बसलास? हात चुकतो माणसाचा. मी काय रागावलेय का तुझ्यावर?"

"नाही ना रागावलीस?"

"नाही म्हटलं ना."

त्याला माफी हवी होती ती वेगळ्याच गोष्टीची. मिळाली ती त्यानं घेतली.

थोड्या वेळानं तिचा डोळा लागला. डेल्मसनं तिच्या मांडीवरची प्लेट हळूच उचलली, फडक्यात गुंडाळली आणि फ्रिजवर ठेवून दिली, हाताशी येईल अशी. उद्या तीन वाजता पुन्हा लागणार होती.